शीड कुणी कापलं?

नारळीपौर्णिमेच्या आधी आपल्या घरात चोर शिरणार, हे मोरू तांडेलला पक्कं ठाऊक होतं. तो भर दुपारी येईल, डोळ्यांना चष्मा लावून येईल आणि चहात साखर नको म्हणेल, एवढं मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

विमलाबाई टिपणीस हातखंब्याला एस.टी. बदलून पावसच्या बाजूला उतरल्या आणि नारळीच्या आगरांतून वाट काढत, कुणालाही न विचारता, खाडीकाठच्या तांडेलांच्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या. न विचारता, हे मोरूनं लक्षात ठेवलं. वाडीत नवखा माणूस आला की आधी भलत्याच घरात शिरतो. ही सरळ आली म्हणजे हिला वाट कुणीतरी पढवली आहे.

पढवणारा पडवीच्या दुसऱ्या टोकाला मान खाली घालून बसला होता. आत्माराम, मोरूचा मधला भाऊ. एके काळी या किनाऱ्यावरच्या होड्यांची शिडं तो शिवायचा. होड्यांना इंजिनं लागली, शिडं गेली, आणि तेव्हापासून आत्माराम हातखंब्याच्या नाक्यावर ट्रकच्या ताडपत्र्या शिवत होता. उन्हाळ्यात विमलाबाईंच्या जीपचं छत फाटलं ते त्याच्याकडे आलं. बाईंनी टाका पाहिला, हा कुणाकडून शिकलात म्हणून विचारलं, आणि आत्मारामच्या तोंडून घरच्या जुन्या शिडाची गोष्ट निघाली. शेजारी त्याची मुलगी राही बसून अर्धं छत एकटी शिवत होती. बाईंनी तिचाही टाका पाहिला.

मुंबईच्या एका वस्त्रसंग्रहालयात बाई संशोधनाचं काम बघायच्या. तिथं वर्षभराचं शिक्षण नव्यानं निघालं होतं: जुनं कापड ओळखायचं, वाचवायचं, दुरुस्त करायचं, त्याचा इतिहास शोधायचा. राहायची सोय संग्रहालयाची, आणि काम चांगलं निघालं तर पुढं तिथंच संशोधनात जागा. अट एवढीच, की उमेदवारानं आपल्या घरातलं एक जुनं कापड अभ्यासाला बरोबर आणायचं आणि घरच्यांनी त्याला हो म्हणायचं. एक जागा उरली होती. राहीला ती हवी होती. इतकी, की उन्हाळ्यापासून तिनं आलेली दोन स्थळं पोटदुखीचं कारण सांगून परत पाठवली होती.

आणि तांडेलांच्या घरात जुनं कापड एकच होतं.

त्या शिडाचं काय सांगावं. खापरपणजोबा बाबल्या तांडेल त्याच शिडावर मस्कतला खजूर आणायला जायचा. एकदा निघताना त्यानं मस्कतच्या बंदरात चुलीवर भात चढवला, तो रत्नागिरीच्या बंदरात उतरवला तेव्हा तळाला लागलासुद्धा नव्हता. वाटेत एका आगबोटीला मागं टाकली, तर तिच्या गोऱ्या कप्तानानं टोपी दर्यात फेकली आणि उरलेली हयात विलायतेत बटाटे पिकवण्यात घालवली. शीड वाळत घातलं की खालच्या कोंबड्यांना रात्र झालीसं वाटायचं आणि त्या भर दुपारी खुराड्यात जाऊन बसायच्या. यातलं काही खोटं असेल तर तो भात खाल्लेली माणसं खोटी.

आता ते माळ्यावर असायचं. वर्षातून एकदा घरच्या थोरल्या बायका ते ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढायच्या, म्हणजे कसर लागत नाही, आणि नारळीपौर्णिमेला त्याची घडी चार खांद्यांवरून वाडीच्या पुढं चालायची. पहिला मान तांडेलांच्या शिडाचा. मोरूची मिरकरवाड्याला दोन इंजिनांची होडी होती, पण वाडीत त्याचं वजन होतं ते त्या घडीमुळं.

म्हणून त्यानं बाईंना बसवून ठेवलं. चहा झाला, कोकम सरबत झालं, शहाळं झालं. बाईंनी शिडाचं नाव काढलं की तो पावसाचं काढायचा.

धाकटा सदू आदल्या दिवशीच मुंबईहून आला होता. गिरणीच्या संपात त्याची नोकरी सुटली ती कायमची, आणि तेव्हापासून त्याला कुठल्याही चष्मेवाल्या माणसात मालकाचा मेहुणा दिसायचा. त्यानं बाईंना विचारलं की संग्रहालयाची इमारत कुणाची. बाई म्हणाल्या, एका जुन्या गिरणीचं गोदाम आहे. सदूनं मोरूकडे बघितलं. गेली चार वर्षं घराच्या वाटणीवरून या दोघांत बोलणं नव्हतं. ते त्या एका नजरेत सुरू झालं.

"आधी आमाला बाहेर काढलानी," सदू हळूच म्हणाला, "आता आमच्याच जागेत आमच्या कापडाला हार घालतायत."

"संग्रालयात गेलेली वस्तू परत येते काय कधी?" मोरूनं विचारलं.

"माणूस येत नाय, वस्तू कसली येते."

विमलाबाईंनाही या घराचा भरवसा वाटत नव्हता. त्यांनी पुष्कळ घरं पाहिली होती. आजेसासूच्या लग्नातला शालू म्हणून जो पुढं यायचा तो हटकून मागच्या दिवाळीचा निघायचा. आणि ज्या घरात कापड दाखवायला इतका वेळ लागतो, तिथं ते बहुधा नसतंच. पण पडवीच्या खांबाला टेकलेली राही त्यांच्याकडे असं बघत होती, की उठून जाणंही त्यांना जमेना. समितीची बैठक जवळ आली होती. कापड खरं नसेल तर जागा दुसऱ्या उमेदवाराला जाणार, हे त्यांनी राहीला स्पष्ट सांगितलं होतं.

अखेर आवडाबाई उठली. या तिघा भावांची ही आत्या. तरुणपणी विधवा होऊन बुरोंडीहून माहेरी आली ती इथलीच झाली. राहीची आई गेल्यावर राहीला तिनंच वाढवलं. रत्नागिरीच्या बाजारात जन्मभर मासे विकल्यामुळं माणसाची पारख ती कल्ले उघडून बघितल्यासारखी करायची. बाईंकडे तिनं मघापासून तसंच बघून घेतलं होतं.

"ताजी हाय," ती मोरूला म्हणाली. "दाखव तिला काय ता. नायतर शहाळी संपतील."

एवढं म्हणून ती आत निघून गेली, आणि हे मोरूला चमत्कारिक वाटलं. शीड खाली काढताना आत्या कधी तिथून हलत नसे.

माळ्याची किल्ली राहीकडे असायची. तिनं आणि आत्मारामनं शीड खाली आणलं आणि खळ्यात पसरलं. श्रावणातलं ऊन पडलं होतं. घडीवर घडी उलगडत गेली तसा तो तांबूस तपकिरी रंग खळंभर झाला, आणि क्षणभर मोरूची छाती भरून आली. एवढं मोठं त्यानं ते लहानपणानंतर बघितलंच नव्हतं. पौर्णिमेला ते घडीतच असायचं.

बाई गुडघ्यांवर बसल्या. भिंग काढलं. एका कडेनं सुरुवात करून त्या पुढं सरकत गेल्या, मग मागं आल्या, मग पुन्हा पुढं.  बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली ती मोरूकडे नाही, राहीकडे.

"हे गिरणीचं कापड आहे," त्या म्हणाल्या. "सगळं. ठिगळाला ठिगळ जोडलंय. जुनं म्हणावं तर तीस वर्षांपलीकडचं यात फारसं काही दिसत नाही."

मोरूला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, की बाईंनी चष्मा पुसून बघावं. बाईंनी भिंग त्याच्या हातात दिलं. त्याला त्यातून फक्त स्वतःचा अंगठा मोठा दिसला.

सदू मात्र खाली वाकला होता. त्याची बोटं कापडावर अशी फिरली जशी दुसऱ्याची फिरली नसती, आणि विचार करायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं. "हा आमचा माल. ही काठाला निळी दोरी बघ. आमच्याच खात्यात पडायची."

बोलल्यावर त्यानं जीभ चावली. पण नुकतंच जुळलेलं सख्य एवढ्यात मोडलं होतं.

"तुझ्या गिरणीचं कापड माझ्या माळ्यावर कसं आलं, सदू?"

सदू म्हणाला, मे महिन्यात यायचो तेव्हा आत्यानं सांगितल्यावरून कापडाचे तुकडे आणायचो. गोधड्यांना, म्हणायची ती. मोरूनं विचारलं, किती गोधड्या होत्या घरात? सदूनं बोटांवर मोजून बघितलं, एक हातसुद्धा भरला नाही.

मोरूचं डोकं मग मस्कतच्या वाऱ्यावर निघालं. सगळं त्याला लख्ख दिसायला लागलं. सदूनं कापड आणलं. आत्मारामनं शिवलं, शीड शिवणारा घरात दुसरा आहे कोण? राहीनं किल्ली लावली. खरं शीड उन्हाळ्यातच बाईंच्या जीपमधून मुंबईला गेलं, आणि आज हे नाटक मांडलंय ते घरच्यांची संमती मिळवून सगळं कायद्यात बसवण्यासाठी. जीपचं छत तरी खरंच फाटलेलं होतं का, हेही त्यानं आत्मारामला विचारलं.

आत्माराम दुखावला की मुका व्हायचा. तो मुका झाला. हाच कबुलीजबाब धरून मोरू राहीकडे वळला. "वाडीला काय सांगू मी पुनवेला? मुंबयच्या जागेपायी आमच्या पोरीनं घरचं शीड विकलान?"

"मी नाही विकलं, मोठे काका."

"मग कुणी कापलान ता? बोल. नायतर मुंबय सोड, हातखंब्यापर्यंतसुद्धा तू जायची नायस."

राही खाली बसली आणि शिवण बघू लागली. बापाचा टाका तिला अंधारातसुद्धा ओळखू आला असता. हा त्याचा नव्हता. एका हाताचाही नव्हता. काही ठिगळांची शिवण बारीक आणि ताठ, काहींची घाईची. आणि कितीतरी ठिकाणी टाका उलट्या अंगाला कललेला, डाव्या हातानं घातल्यासारखा.

तिचं बोट तिथं थांबलं. घरात डावरं माणूस एकच होतं. मोरूची बायको, गोदाकाकी, दाराच्या चौकटीत उभी होती. राहीनं मान वर करून तिच्याकडे बघितलं, आणि बोट काढून घेतलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

गोदानं ते बोट पाहिलं होतं. इतकी वर्षं ती या घरात नवऱ्याच्या बाजूनं उभी राहिली होती, कधी पटून, बहुतेक वेळा न पटून. ही पोर मुंबईला जायची म्हणते याचा तिलाही संशय होता. मुली अशा गेल्या की त्यांना घर लहान वाटायला लागतं. पण आता पोरीनं एक शब्द उच्चारला असता तर ती सुटली असती. तिनं तो उच्चारला नाही.

"तो टाका माझा हाय," गोदा म्हणाली.

मोरूनं वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खडकावर होडी लागल्यावर तांडेल पाण्याकडे बघतो तसा तो बायकोकडे बघत होता.

"तिचा हाय, तुझ्या आवशीचा हाय, राहीच्या आवशीचा हाय," आतून येता येता आवडाबाईनं सांगितलं. "आणि निम्मा माझा. गोदाला कशाला बघतोस? माझ्याकडं बघ. आणि तुझी कमर बघ."

मोरूचा हात आपसूक कमरेला गेला. करदोड्याला काळ्या कापडात शिवलेली सुपारीएवढी पुडी होती. पहिल्यांदा दर्यावर जाताना आईनं बांधलेली. देवाचा अंगारा आहे, कधी उघडू नको, तिनं सांगितलं होतं, आणि त्यानं उघडली नव्हती.

"अंगारा नाय त्यात," आत्या म्हणाली. "शीड हाय."

मग तिनं सगळं सांगितलं, उभ्यानं, मासळीचा भाव सांगावा तसं. या घरच्या बायकांची ही रीत बाबल्याच्या बायकोपासूनची. घरचा पुरुष पहिल्यांदा दर्यावर निघाला की शिडाचा तुकडा कापून त्याच्या कमरेला बांधायचा. शीड घरात राहतं, तुकडा त्याच्याजवळ राहतो, आणि शीड आपल्या तुकड्याला ओढून घरी आणतं. पुरुषांना सांगायचं नाही, कारण शिडाला कात्री लावू देणारा तांडेल अजून जन्माला आलेला नाही. कापल्या जागी नवं कापड शिवायचं आणि सालीच्या काढ्यात घालायचं. काढ्यातून निघालं की जुनं नवं एकाच रंगाचं.

"पण घरातले पुरुष किती? एवढं शीड जाईल कुठं?" सदूनं विचारलं.

"वाडीत." तिनं हातानं खाडीकाठची घरं दाखवली. "कुठल्या बाईला नाय म्हणू? पोरगा दर्यावर निघाला की मागल्या दारानं यायच्या. सगळ्या वाडीच्या कमरेला आपलंच शीड हाय."

 मग ती बाईंकडे बघून, जणू परक्या माणसाला सांगणं सोपं, म्हणाली, "माझा घोव बुरोंडीचा. लगीन नवं होतं. माहेराकडं तुकडा मागायची लाज वाटली मला. तो गेला तो आलाच नाय. तवापासून दारात आलेल्या कुणाला मी परत नाय धाडलं."

 मान कुणाचा, चोरी कुणी केली, हे मोरूचे प्रश्न त्या तांबूस कापडावर पडून राहिले.

विमलाबाई पुन्हा गुडघ्यांवर बसल्या होत्या. मघाशी दुमडलेल्या राहिलेल्या, दोर बांधायच्या कोपऱ्याशी त्यांनी भिंग धरलं. तिथं हाताच्या पंजाएवढी एक जागा वेगळी होती. सूत कुठं जाड कुठं बारीक, चरख्यावरचं. बाबल्याच्या शिडाचं एवढंच उरलं होतं. ते पाहून बाईंचा आवाज बदलला. असं काही आपण कुठं वाचलेलं नाही, म्हणाल्या. राहीनं याच रितीवर वर्षभर काम करावं, घराघरातून विचारून टिपून घ्यावं. फक्त समितीपुढं ठेवायला जुनं कापड हवं. हा कोपरा पुरेल.

"तो कोपरा घरातनं हलायचा नाय," आवडाबाई म्हणाली.

बाईंनी समजावून बघितलं. कोपरा सुरक्षित राहील, काचेखाली राहील.

"काचेखाली ठेवा नायतर सोन्यात मढवा. तो तिकडं गेला तर ह्या वाडीतल्या पोरांना ओढणार कोण? ही ठिगळं?"

बाईंनी भिंग पिशवीत ठेवलं. राहीला जे म्हणायचं होतं ते तिच्याच विरुद्ध जाणारं होतं. "आत्याआजी बरोबर बोलते," ती म्हणाली. "कोपरा नको." आणि तिनं शिडाची घडी घालायला घेतली, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

आत्मारामनं तेवढ्यात करदोड्याची आपली पुडी तोडून बाईंच्या पुढं केली. कोपरा नको तर हे घ्या, आत तेच कापड आहे. राहीनं ती जपून उसवली. आतून राखाडी चिमूट सांडली.

"तुझी मी बदलली," आवडाबाई जराही न लाजता म्हणाली. "तू हातखंब्याला बसतोस. तिथं कोण बुडतो? ती मी पलीकडच्या रघूच्या पोराला दिली." सदूकडे बघायचं कारणच नव्हतं, तो मिसरूड फुटायच्या आधी गिरणीत गेला होता.

मग कुणीच मोरूकडे बघितलं नाही. सगळे इतके कसोशीनं दुसरीकडे बघत होते, की त्याला काय ते कळलं. तो उठला आणि खाडीकडे चालू लागला. जाणारच तो, सदू पुटपुटला. गोदानं त्याला गप्प केलं.

खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी फुटत होतं. तिथून बाहेर पडताना दर खेपेला आपला हात कमरेला जातो, हे मोरूला आज पहिल्यांदा कळलं. देवाचा अंगारा होता तोवर ती पुडी हलकी होती. आता तिच्यात आई होती, तिची कात्री होती, आणि घरचं एवढं मोठं खोटं होतं. पौर्णिमेनंतर हंगाम सुरू. त्यानं बाईंचा विचार करून बघितला. बाई लबाड निघाली असती तर किती बरं झालं असतं.

तो परतला तेव्हा बाई पिशवी खांद्याला लावून उभ्या होत्या. मोरू त्यांच्या बाजूनं सरळ राहीपुढं गेला. पुडी त्याच्या मुठीत होती, तुटक्या करदोड्यासकट.

"बाईच्या हातात नाय देणार," तो म्हणाला. "हात पुढं कर."

त्यानं ती राहीच्या मनगटाला बांधली. गाठ होडीची होती, सुटणारी नव्हती. उघडायची तर तूच उघड, दर्यापासून लांब बसून, असं त्यानं तिला बजावलं. वर्ष संपलं की कापड आणि तू, दोघं परत. बाईंकडे न बघताच त्यानं हे त्यांनाही ऐकवलं.

आवडाबाई आतून कात्री घेऊन आली. कोपऱ्यातला नखाएवढा तुकडा निघेल, म्हणाली, तुला रिकाम्या कमरेनं जाऊ देणार नाय.

मोरूनं तिच्या हातातली कात्री काढून घेतली. "तो राहू दे," तो म्हणाला. "पोरीला ओढायला घरात काहीतरी नको?"

पौर्णिमेला शिडाची घडी नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढं चालली आणि वाडीतले पुरुष नेहमीसारखे पाया पडले. मग राही मुंबईला गेली. हंगाम सुरू झाला, मिरकरवाड्याच्या होड्या खोल पाण्यात शिरल्या. मोरूची होडी मात्र त्या साली किनारा दिसेनासा होईल इतकी लांब कधी गेली नाही. माशांनाच दया आली म्हणतात, पापलेटं आपण होऊन किनाऱ्याकडे सरकली. कुणी विचारलं तर मोरू सांगायचा, इंजिन कुरकुरतंय. मिस्त्रीला होडीवर नेऊन त्यानं इंजिन पुरतं खोलायला लावलं. मिस्त्रीनं खोललं, पुसलं, परत बसवलं आणि म्हणाला, यात काय दोष नाय, तांडेल.

"तुला काय कळतंय," मोरू म्हणाला, आणि खलाशांना त्यानं होडी वळवायला सांगितलं.